अंगणातली बांधी

आषाढातली एकच सर पूर्व विदर्भातल्या नागभीड तालुक्यात दोन जागी पडते आणि दोन वेगळी कामे करते. शिवारात पडली की बांध घातलेली धानाची बांधी भरते, चिखलणीला जोर येतो, रोवणीच्या बायांना निरोप जातो. तीच सर घरापुढे पडली की तुळशीवृंदावनाभोवती घोटाभर पाणी साचते, मोटारसायकलचे चाक रुतते, पोरांच्या पायांबरोबर चिखल घरभर होतो आणि चार दिवसांनी त्या पाण्यावर हिरवट साय धरते. शेतातले पाणी टिकावे म्हणून जो माणूस पहाटे उठून बांध पाहून येतो, तोच घरी आल्यावर खराट्याने अंगणातले पाणी लोटत बसतो. दोन्हीकडे माती तीच असते.

या मातीचे उपकार मोठे आहेत. नागभीड तालुक्यातल्याच नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या धानाच्या लोंब्या निवडल्या, वर्षानुवर्षे जपल्या आणि त्यातून ‘एचएमटी’ हे वाण उभे केले. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. मातीच्या पाळीमागे इतकी वर्षे त्यांत पाणी राहिले, ते याच चिकणमातीच्या बळावर. झाडीपट्टीतला धान आणि झाडीपट्टीतले तलाव ही दोन्ही पाणी न सोडणाऱ्या मातीची देणगी आहे. तो गुण दारात आला की मात्र घरातल्या सगळ्यांना नकोसा होतो.

यावर अलीकडे एक नवा उपाय पुढे येऊ लागला आहे. लग्नाच्या मंडपात, हॉटेलच्या दारात, ‘टर्फ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रिकेटच्या छोट्या मैदानांवर पाहिलेली कृत्रिम हिरवळ लोक घरापुढे अंथरू लागले आहेत. वर हिरवा गालिचा आला की चिखल संपला, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. हिरवळ चिखल झाकते. पाणी नेण्याचे काम तिच्याखालच्या वीतभर थराला आणि त्या थराच्या उताराला करावे लागते. ते काम झाले नसेल, तर हिरवळीखाली अंगणाची बांधीच तयार होते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही.

माती पाणी का सोडत नाही

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. रेतीचा मोठा कण २ मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे हजारपट मोठा. रेतीच्या गोलसर कणांमध्ये मोकळ्या फटी राहतात आणि पाणी त्यांतून सरळ खाली उतरते. चिकणमातीचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात, एकमेकांवर बसतात आणि मधल्या अतिसूक्ष्म फटींत पाणी घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे रेताड जमिनीत तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाणी मुरते, तर चिकण जमिनीत जेमतेम १ ते ५ मिलिमीटर. या भागात वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. तासाभरात ५० मिलिमीटरची सर कोसळली, तर कन्हार म्हणजे भारी चिकण जमिनीवरचे ४५ मिलिमीटर पाणी वरच राहणार. त्याला वाट मिळाली तर ते जाईल, नाही तर तिथेच बसेल.

कन्हार, मोरांड, खरडी, बरडी अशी मातीची नावे या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. घर कोणत्या मातीवर उभे आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर ओली माती घेऊन अंगठ्याने बोटावर दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी तुटण्याआधी बोटाच्या दोन पेरांएवढी लांब निघाली, तर माती भारी आहे. उन्हाळ्यात अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडत असतील, तर ती पावसात फुगणारी आणि उन्हात आकसणारी माती आहे. अशा मातीवर थेट काहीही अंथरले, फरशी असो की हिरवळ, तरी दोन-तीन वर्षांत त्याला लाटा येतात.

शेतकरी चिखलणीत नेमके काय करतो, हे येथे लक्षात घ्यायला हवे. ओल्या बांधीत नांगर फिरवून तो मातीची ढेकळे मोडतो, तिच्यातल्या मोठ्या फटी बुजवतो आणि खाली एक घट्ट थर तयार करतो. पाणी झिरपू नये म्हणून ही मेहनत जाणूनबुजून केली जाते. घर बांधताना अंगणात हेच नकळत घडते. रेतीचा ट्रॅक्टर येतो, विटांचा येतो, काँक्रीटचे मिक्सर उभे राहते आणि ओल्या जमिनीवर महिनोन्‌महिने चाके फिरतात. त्यातच पायव्यातून निघालेली खालची चिकणमाती अंगणात पसरली जाते. घर पुरे होते तेव्हा दारात चिखलणी झालेली बांधी तयार असते. पुढे गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो, मग त्यावर आणखी एक थर चढतो आणि रस्त्यापेक्षा उंच असलेले अंगण हळूहळू त्याच्या खाली जाते. बांध चारही बाजूंनी पुरा होतो.

हिरवळ जन्मली कशासाठी

कृत्रिम हिरवळीचा शोध पाण्याच्या निचऱ्यासाठी लागलेला नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ साली ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ हे छत असलेले प्रचंड स्टेडियम उघडले. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली गेली. मग ऊन मिळेना म्हणून खालचे गवत मेले. पुढच्या वर्षी तिथे मोन्सँटो कंपनीचे कृत्रिम गवत अंथरले गेले आणि स्टेडियमच्या नावावरूनच त्याला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव पडले. भारताला या गवताची ओळख कडू प्रसंगाने झाली. १९७५ साली हॉकीचा विश्वचषक जिंकणारा आपला संघ १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये सातव्या क्रमांकावर गेला. ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली गेली ती तिथेच पहिल्यांदा.

अशा मैदानांवर पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात खेळ सुरू होतो, हे पाहून लोकांना वाटते की गवतच पाणी पिते. पण प्लॅस्टिकचे पाते पाण्याचा थेंबही पीत नाही. ते ज्या पाठीवर गुंफलेले असते त्या पाठीला भोके असतात. भोकांतून पाणी खाली जाते, तिथे गिट्टीचे किंवा पाणी सोडणाऱ्या डांबरी मिश्रणाचे थर असतात, त्यांना काटेकोर उतार असतो आणि कडेला नळ असतात. मैदानाचा खरा खर्च आणि खरी कारागिरी तिथे पुरलेली असते. बाजारातून गुंडाळी आणून चिकणमातीवर अंथरणारा माणूस त्या मैदानाचे केवळ कातडे विकत घेतो.

थरांचे हे शास्त्र पाहायला नागभीडकरांना परदेशी जावे लागत नाही. नागभीड हे जंक्शन आहे. १९०८ साली सुरू झालेला नागपूर-नागभीड हा नॅरोगेज मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि ब्रॉडगेजचे काम हाती घेण्यात आले. रुळाखाली गिट्टी का पसरतात, या प्रश्नाच्या उत्तरात अंगणाचेही उत्तर आहे. गिट्टी गाडीचे वजन पसरवते आणि पावसाचे पाणी अडू न देता खाली सोडते. तिच्याखालचा मातीचा भराव सपाट नसतो. त्याला दोन्ही बाजूंना तीस फुटांत एक फूट असा उतार दिलेला असतो, म्हणजे गिट्टीतून उतरलेले पाणी भरावावर थांबत नाही. भराव चिकणमातीचा असेल आणि पाणी अडले, तर गाडीच्या दाबाने चिखल गिट्टीतून वर येतो आणि रूळ खचतो. म्हणूनच गिट्टी आणि माती यांच्यामध्ये वेगळा थर घालतात. अंगणात ट्रेन धावत नाही, पण क्रम तोच: खाली उतार दिलेली माती, मध्ये माती वर येऊ न देणारा पडदा, त्यावर गिट्टी.

न्यायाधीशाचा चर आणि शिरोळची शेती

गिट्टीने भरलेल्या चराला जगभर ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. अमेरिकेत हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे न्यायाधीश होते. त्यांना शेतीची आवड होती. १८५९ साली त्यांनी शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले आणि अशा चरांची पद्धत समजावून सांगितली. त्यांचे नाव चराला चिकटले. वॉशिंग्टनमधला अब्राहम लिंकन यांचा प्रसिद्ध बैठा पुतळा ज्यांनी घडवला, ते डॅनियल चेस्टर फ्रेंच हे याच न्यायाधीशांचे चिरंजीव.

हीच पद्धत महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल, तर कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका पाहावा. उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या जादा पाण्याने तिथली भारी काळी जमीन पाणथळ आणि क्षारपड झाली होती. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकले गेले. शेतातले पाणी त्या पाइपांत शिरते, मोठ्या वाहिनीला मिळते आणि तिथून नाल्याला जाते. क्षारही त्याबरोबर वाहून जातात. ज्या जमिनी पडीक पडल्या होत्या, त्यांत पुन्हा पीक उभे राहिले.

शिरोळने आणखी एक गोष्ट शिकवली. आपल्या शेतातले पाणी बाहेर जायचे, तर वाहिनी शेजाऱ्याच्या शेतातून न्यावी लागते. एकट्याने हे काम होत नाही. गल्लीतही तेच आहे. एका घराने अंगण उंच केले की पाणी शेजारच्या अंगणात उतरते आणि दोन घरांत अबोला येतो. चार घरांनी मिळून एक चर काढला आणि तो नगर परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नालीला जोडला, तर खर्च वाटला जातो आणि भांडणही टळते.

आधी वाट, मग थर

सुरुवात पावसात छत्री घेऊन उभे राहण्यापासून करावी. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठे जाऊ पाहते, हे एका जोरदार सरीत कळते. बहुतेक घरांत पहिला दोषी छत असते. एक हजार चौरस फुटांच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी जमते. कवेलूच्या घरात ते वळचणीने सगळीकडे विखरून पडते. स्लॅबच्या घरात एकदोन पाइपांतून ते सगळे अंगणाच्या एकाच कोपऱ्यात आदळते. पन्हाळ लावून हे पाणी विहिरीच्या, बोअरच्या पुनर्भरणाकडे किंवा टाकीकडे वळवले, तर निम्मे दुखणे माती न उकरताच कमी होते.

दुसरे काम उताराचे. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला शंभर फुटांमागे किमान एक ते दोन फूट उतार हवा. वीस फुटांच्या अंगणात म्हणजे अडीच ते पाच इंच. डोळ्यांना हा उतार जाणवतही नाही, पाण्याला मात्र पुरेसा होतो. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घेऊन तो मोजावा. अंदाजाने केलेला उतार हमखास घराकडे निघतो.

तिसरे काम चराचे. सगळ्यात सखल कडेने एक फूट रुंद आणि दीड-दोन फूट खोल चर काढायचा. त्यात न विणलेल्या प्रकारचे जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचे, तळाशी गिट्टीचा पातळ थर देऊन चार इंची सच्छिद्र पाइप ठेवायचा, वर धुतलेली गिट्टी भरायची आणि कापडाच्या कडा वरून दुमडून घ्यायच्या. हे कापड फार महत्त्वाचे आहे. ते नसेल तर दोन पावसाळ्यांत बारीक माती गिट्टीत शिरते आणि चर पुन्हा चिकणमातीचा होतो. पाइपाचे तोंड शेवटी उघड्या नालीत, पाइपाच्या पातळीपेक्षा खाली निघाले पाहिजे. तोंड नसलेला चर म्हणजे लांबट डबके.

येथे शोषखड्ड्याविषयी स्पष्ट बोलायला हवे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे आणि डास हटवल्याचे उदाहरण राज्यभर गाजले, आणि ते खरोखर अनुकरणीय आहे. पण शोषखड्डा खालच्या मातीच्या भरवशावर चालतो. खड्डा मुरमापर्यंत किंवा रेताड थरापर्यंत पोचत असेल तर तो उत्तम. सगळी खोली कन्हार मातीत असेल तर तो पहिल्याच झडीत भरतो. आधी फूटभर खोल खड्डा पाण्याने दोनदा भरून पाहावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले, तर शोषखड्ड्यावर पैसे घालू नयेत. पाणी बाहेर नेणारा चरच घ्यावा.

एवढे झाल्यावर थर. वरची सहा-आठ इंच चिकणमाती काढून टाकायची, तळाला उतार द्यायचा, कापड अंथरायचे, त्यावर चार ते सहा इंच गिट्टी थराथराने धुमसायची आणि सर्वांत वर बारीक गिट्टीचा इंचभर थर. येथे दोन चुका वारंवार होतात. एक, गिट्टीऐवजी मुरूम भरणे. मुरमात चिकणमातीचा अंश असतो आणि धुमसला की तो जवळजवळ पाणी अडवतो. मुरमाचे अंगण पाणी वरून वाहून जाण्यासाठी चांगले. पाणी आतून जाण्यासाठी नाही. दुसरी चूक म्हणजे भुकटीने भरलेली चुरी जाड थरात टाकणे. अंगणातल्या मातीतच थोडी रेती मिसळण्याचा उपायही फसतो. बारीक कण रेतीच्या फटी भरतात आणि माती विटेसारखी कडक होते.

मग हिरवळ घालावी का?

चिखल आणि डास यांतून सुटका हा हेतू असेल, तर वरचे काम पुरे होईपर्यंत हिरवळीचा प्रश्नच येत नाही. काम झाल्यावर गिट्टीवर हिरवळ घालता येते, फरशीचे ठोकळे फटी ठेवून बसवता येतात किंवा नुसती गिट्टीही ठेवता येते. हिरवळ घ्यायची तर तिच्या पाठीला भोके आहेत का हे उलटून, तांब्याभर पाणी ओतून पाहावे. भोके नसलेली स्वस्त गुंडाळी गच्चीवरच्या सजावटीसाठी असते.

पण नागभीड-ब्रह्मपुरीच्या उन्हाचा विचार केल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा देशातल्या सर्वाधिक तापमानांच्या यादीत वारंवार असतो. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली झालेल्या मोजणीत, हवेचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असताना कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापलेला आढळला. ४५ अंशांच्या दुपारी अशा हिरवळीवर अनवाणी मूल उभे राहू शकणार नाही. ती घालायचीच तर सावलीच्या पट्ट्यात, पोर्चखाली घालावी. तिच्यावर शेकोटी पेटवता येत नाही, प्लॅस्टिक वितळते. उन्हात तिची पाती ठिसूळ होऊन झडतात आणि ते तुकडे पाण्याबरोबर नालीत, तलावात जातात. मैदानांत भरल्या जाणाऱ्या रबराच्या बारीक कणांवर युरोपीय संघाने २०२३ साली बंदीचा निर्णय घेतला आणि बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली. घरी हिरवळ घातलीच, तर तिच्यात रबर न भरता धुतलेली रेती भरावी.

आणखी एक गोष्ट पैशांत मोजता येत नाही. झाडीपट्टीत अंगण ही कामाची जागा आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिथे मोहफूल वाळते, सुगीत धान पसरतो, उन्हाळ्यात पापड-कुरडया होतात, सकाळी सडा पडतो आणि रांगोळी उमटते. गालिचा अंथरला की ही सगळी कामे रस्त्यावर किंवा गच्चीवर जातात. म्हणून सगळे अंगण झाकण्याऐवजी येण्याजाण्याचा पट्टा तेवढा गिट्टी-फरशीचा करावा, कामाची जागा उतार दिलेल्या मुरमाची ठेवावी आणि उरलेल्या ओल्या कडेला जिवंत झाडे लावावीत. न्हाणीच्या पाण्यावर केळ, कर्दळ, अळू लावण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. ही झाडे साचलेले पाणी पितात. कूलरच्या ताट्यांतून विदर्भाच्या ओळखीचा असलेला वाळा दोन-तीन मीटर खोल मुळे सोडतो आणि घट्ट मातीत पाण्याला वाट करून देतो. हराळी तर ऊन, पाऊस आणि पायांची वर्दळ हे सगळे सोसते.

उष्ण हवेत डासाची अंडी पडल्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. शेजारच्या गडचिरोलीत हिवतापाने किती घरे पोळली आहेत, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. अंगणातले डबके हा म्हणूनच सौंदर्याचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नये.

कामाचे वेळापत्रक सोपे आहे. श्रावणात छत्री घेऊन पाण्याची वाट पाहून ठेवा. दिवाळीनंतर माती वाफशावर आली की खोदा. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते आणि पावसात तिच्यात हात घालणे म्हणजे पुन्हा चिखलणी. मृगाच्या आधी चार ड्रम पाणी अंगणात ओतून उतार तपासा. पहिल्या मोठ्या सरीत पाइपाच्या तोंडातून पाणी नालीत पडताना दिसले, की मग हवी असेल तर हिरवळीची गुंडाळी विकत आणा.